उतारवयातील ‘एमएस’ : प्रत्येक दुखणे त्याच्याच खात्यावर नको

मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात ‘एमएस’ हा मेंदू आणि मज्जारज्जूचा विकार तरुणांचा आजार म्हणून ओळखला जातो. बहुतेक रुग्णांमध्ये त्याची पहिली लक्षणे विशी ते चाळिशीच्या दरम्यान दिसतात आणि जगभरात पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळते. मात्र ज्यांना हा आजार तरुणपणी जडला, ते रुग्ण तरुण राहत नाहीत. तेही साठी ओलांडतात, सत्तरी गाठतात. चारचौघांप्रमाणे त्यांनाही मधुमेह होतो, रक्तदाब वाढतो, गुडघे कुरकुरू लागतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. अशा वेळी एकाच शरीरात जुना आजार आणि नवी दुखणी शेजारी शेजारी नांदू लागतात. कोणते लक्षण कोणाचे, हे ओळखणे कठीण होऊन बसते.

उदाहरणादाखल एक प्रसंग पाहू. पासष्ट वर्षांच्या एक गृहिणी. एमएसचे निदान होऊन तीस वर्षे लोटलेली. काठीच्या आधाराने घरात हिंडणे-फिरणे चालू असते. एके दिवशी सकाळी त्यांना पलंगावरून उठताच येत नाही. दोन्ही पाय शिशासारखे जड झालेले असतात, बोलण्यातही थोडी असंबद्धता येते. घरच्यांना वाटते, आजाराने पुन्हा उचल खाल्ली. जुन्या कागदांतील औषधाची चिठ्ठी काढून स्टिरॉइडची इंजेक्शने सुरू करण्याची घाई केली जाते. प्रत्यक्षात त्यांना झालेला असतो मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. स्टिरॉइडमुळे तो आणखी बळावतो, आणि मधुमेह असेल तर रक्तातील साखरही भडकते. लघवीची एक साधी तपासणी वेळेवर झाली असती तर हे टळू शकले असते.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी त्यामागची चूक काल्पनिक नाही. उतारवयातील एमएसच्या रुग्णांबाबत दोन प्रकारच्या चुका घडतात. पहिली, प्रत्येक नवे दुखणे एमएसच्या खात्यावर मांडणे. दुसरी, ‘आता वय झाले, असे चालायचेच’ असे म्हणून प्रत्येक तक्रार वयाच्या माथी मारणे. दोन्ही चुकांचा परिणाम एकच होतो. ज्यावर उपचार होऊ शकतात असे दुखणे उपचाराविना राहते.

आजाराचे स्वरूप

पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयातील ज्याँ-मार्ताँ शार्को या वैद्यकाने १८६८ मध्ये या आजाराचे स्पष्ट वर्णन केले. मेंदू व मज्जारज्जूमध्ये ठिकठिकाणी दिसणाऱ्या कडक चट्ट्यांवरून त्याला हे नाव मिळाले. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायेलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. या आवरणामुळे संदेश वेगाने आणि बिनचूक पोचतात. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा परक्या जंतूंऐवजी या आवरणावरच हल्ला चढवते. आवरण झिजते, संदेश रेंगाळतात किंवा वाटेतच हरवतात. चट्टा कोठे पडला यावर लक्षणे अवलंबून असतात. एका डोळ्याची दृष्टी अंधूक होणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, पाय ताठरणे, लघवीवरचे नियंत्रण सुटणे, कमालीचा थकवा येणे ही त्यांपैकी काही.

सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये आजाराची सुरुवात झटक्यांच्या रूपात होते. झटका येतो, काही दिवस वा आठवडे टिकतो आणि पूर्णतः वा अंशतः ओसरतो. अनेक वर्षांनी यांतील बऱ्याच रुग्णांमध्ये झटके विरळ होतात, पण अपंगत्व सावकाश वाढत जाते. उरलेल्या १० ते १५ टक्के रुग्णांत मात्र झटक्यांशिवाय पहिल्यापासूनच हळूहळू घसरण होते. पन्नाशीनंतर सुरू होणाऱ्या आजारात या दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण अधिक असते.

आजाराचे कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. मात्र अमेरिकी लष्करातील एक कोटीहून अधिक जवानांच्या नोंदींवर आधारित, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने एपस्टाइन-बार या विषाणूचा त्याच्याशी निकटचा संबंध दाखवून दिला. या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढल्याचे त्यात आढळले. अर्थात हा विषाणू जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि त्यांपैकी फारच थोड्यांना एमएस होतो. त्यामुळे आनुवंशिकता, धूम्रपान, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता अशा इतर घटकांचाही त्यात वाटा असतो.

रुग्ण का पोक्त झाले?

कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातील नोंदी या दृष्टीने बोलक्या आहेत. १९८४ मध्ये तेथे एमएसचे सर्वाधिक प्रमाण ३५ ते ३९ या वयोगटात होते. २००४ मध्ये हे शिखर ५५ ते ५९ या वयोगटाकडे सरकले. अमेरिकेतही आता ५५ ते ६४ या वयोगटात हे प्रमाण सर्वाधिक असल्याचे दिसून आले आहे. याचा अर्थ आजार म्हाताऱ्यांना अधिक होऊ लागला असा नव्हे. आजारासह जगणाऱ्यांचे आयुष्य वाढले, हा त्याचा मुख्य अर्थ होय. नॉर्वेतील साठ वर्षांच्या नोंदींवर आधारित, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमएसच्या रुग्णांचे सरासरी आयुर्मान सुमारे ७५ वर्षे, तर सर्वसामान्य लोकांचे सुमारे ८२ वर्षे आढळले. ही तफावत दुर्लक्षण्याजोगी नाही, पण एमएस म्हणजे अल्पायुष्य हा समजही त्यामुळे खोटा ठरतो.

भारतात या आजाराचे प्रमाण युरोप-अमेरिकेच्या तुलनेत बरेच कमी आहे. तथापि मुंबईशी त्याचा एक जुना संबंध आहे. १९८० च्या दशकात मुंबईतील पारशी समाजात झालेल्या पाहणीत एमएसचे प्रमाण इतर भारतीयांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक असल्याचे आढळले होते. विशेष म्हणजे ज्येष्ठ नागरिकांचे प्रमाण मोठे असलेला हा समाज आहे. आणि एमआरआय तपासणी शहरोशहरी पोचल्यानंतर पूर्वी ‘अर्धांगवायू’ किंवा ‘नसांचा अशक्तपणा’ म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या अनेकांना या आजाराचे नेमके नाव कळू लागले. तेव्हा निदान झालेली पिढी आता निवृत्तीच्या वयात आली आहे.

पन्नाशीनंतरचे पहिले निदान

काहींमध्ये या आजाराची पहिली लक्षणेच पन्नाशीनंतर दिसतात. अशा वेळी निदान चुकण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी असते. पाय अडखळू लागले की मणक्याची झीज, गुडघेदुखी किंवा वय यांकडे बोट दाखवले जाते आणि एमएसचा विचार मागे पडतो. उलट, एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे ठिपके दिसले की एमएसचा शिक्का बसण्याचीही भीती असते. दीर्घकाळचा रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात व तसेच ठिपके उमटतात. अर्धशिशीच्या रुग्णांतही ते दिसू शकतात.

म्हणूनच निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्ये २०२४ साली केलेल्या सुधारणेत पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींबाबत अधिक काटेकोर राहण्याची शिफारस आहे. केवळ मेंदूतील ठिपक्यांवर विसंबून न राहता मज्जारज्जूतील चट्टे, पाठीतून काढलेल्या पाण्याची तपासणी यांसारख्या पुराव्यांची जोड घ्यावी, असा त्याचा आशय आहे.

भारतीय रुग्णांबाबत आणखी काही शक्यता तपासाव्याच लागतात. शाकाहारी आहार आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन या दोन्हींमुळे ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते. पायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा ही त्याची लक्षणे एमएसशी मिळतीजुळती असतात आणि उपचार तुलनेने सोपे असतात. मानेच्या मणक्यांच्या झिजेमुळे मज्जारज्जू दबला तर पायांत ताठरपणा येतो. तेथे वेळेवर शस्त्रक्रिया उपयोगी पडू शकते. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा एमएससारखाच दिसणारा, पण वेगळा आजार आशियाई लोकांत तुलनेने अधिक आढळतो. २००४ मध्ये त्याचे विशिष्ट प्रतिपिंड सापडल्यापासून तो रक्ततपासणीतून ओळखता येतो. त्यावर एमएसची काही औषधे दिल्यास आजार बिघडू शकतो. त्यामुळे हा फरक केवळ नावाचा नाही.

खरा झटका की खोटा?

वय वाढते तशी रोगप्रतिकारक यंत्रणाही थकते. त्यामुळे साठीनंतर नवे झटके येण्याचे प्रमाण घटते. याच कारणाने, बरीच वर्षे शांत असलेल्या ज्येष्ठ रुग्णाची प्रकृती एकाएकी बिघडली तर प्रथम अन्य कारण शोधणे शहाणपणाचे ठरते.

१८९० मध्ये विल्हेल्म ऊथोफ या जर्मन नेत्रवैद्यकाने एक निरीक्षण नोंदवले. एमएसच्या रुग्णांची दृष्टी शारीरिक श्रमानंतर तात्पुरती मंदावते आणि विश्रांतीनंतर पूर्ववत होते. त्यामागील कारण शरीराचे वाढलेले तापमान हे होते, ते नंतर स्पष्ट झाले. आवरण झिजलेला मज्जातंतू अर्ध्या अंशाच्या तापमानवाढीनेही संदेश वाहण्यात कमी पडू शकतो. एकेकाळी तर रुग्णाला गरम पाण्यात बसवून निदान केले जात असे. साधा ताप, जंतुसंसर्ग, विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा, एवढेच काय, दिवाळीच्या पहाटेचे कढत पाण्याचे अभ्यंगस्नानदेखील जुनी लक्षणे तात्पुरती वर आणू शकते. यात मज्जातंतूंना नवी इजा होत नाही. त्यामुळे त्याला खोटा झटका म्हटले जाते.

ज्येष्ठ रुग्णांत खोट्या झटक्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसल्याने साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. संवेदना कमी झालेल्या असल्याने जळजळ जाणवेलच असे नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असेही नाही. एकाएकी आलेला अशक्तपणा किंवा गोंधळलेले बोलणे हीच काय ती खूण असते. त्याखेरीज फुप्फुसाचा संसर्ग, शरीरातील पाणी वा सोडियम कमी होणे, नुकतेच बदललेले एखादे औषध यांचाही विचार करावा लागतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणे, बोली जडावणे ही लक्षणे काही मिनिटांत उद्भवली, तर तो पक्षाघात असू शकतो. एमएसचा झटका सहसा काही तासांत वा दिवसांत वाढत जातो, पक्षाघात क्षणार्धात येतो. ‘त्यांना एमएस आहेच, उद्या डॉक्टरांना दाखवू’ असे म्हणून थांबणे अशा वेळी घातक ठरते. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

रक्तदाब आणि साखर हाही एमएसचाच प्रश्न

सोबतचे आजार केवळ शेजारी नसतात, ते एमएसची वाटचालही बदलतात. उत्तर अमेरिकेतील सुमारे नऊ हजार रुग्णांच्या माहितीवर आधारित आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा मानला जातो. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, हृदयविकार किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार यांपैकी काहीही नसलेल्या रुग्णांना निदानानंतर चालण्यासाठी आधार लागू लागेपर्यंतचा मध्यम कालावधी १८.८ वर्षे होता. यांपैकी एखादा विकार असलेल्यांत तो १२.८ वर्षे होता. म्हणजे फरक सहा वर्षांचा.

हा अभ्यास निरीक्षणात्मक आहे. रक्तदाब आटोक्यात आणला की ती सहा वर्षे हमखास परत मिळतात, असे त्यातून सिद्ध होत नाही. कोलेस्टेरॉल कमी करणारे सिमव्हास्टॅटिन एमएसची प्रगती रोखेल अशी मोठी आशा होती. ब्रिटनमध्ये ९६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ती फोल ठरल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे स्टॅटिन हे एमएसवरचे औषध नव्हे. मात्र हृदय आणि रक्तवाहिन्यांसाठी ज्यांना ते दिले आहे, त्यांनी ते या कारणास्तव सोडण्याचेही कारण नाही. आधीच जखमी झालेल्या मेंदूला रक्तपुरवठ्याच्या तुटवड्याचा दुसरा घाव बसू नये, एवढा साधा तर्कही रक्तदाब आणि साखर सांभाळण्यास पुरेसा आहे. धूम्रपानाबाबत तर दुमत नाहीच. ते एमएसची घसरण वेगवान करते. ते कोणत्याही वयात सोडणे लाभाचेच असते.

औषधांची पिशवी

ज्येष्ठ रुग्णाच्या घरी औषधांची एक मोठी पिशवी असते. न्यूरॉलॉजिस्टची औषधे वेगळी, मधुमेहतज्ज्ञांची वेगळी, हाडांच्या डॉक्टरांची वेगळी. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी योग्य असते. पण सर्व चिठ्ठ्या एकत्र वाचणारे कोणी नसते.

मूत्राशयाची अतिक्रियाशीलता कमी करणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे वृद्धांमध्ये विसराळूपणा, गोंधळ, बद्धकोष्ठता निर्माण करू शकतात. पुरुषांत प्रोस्टेट वाढलेले असेल तर लघवी तुंबण्याचा धोका असतो. मग विसराळूपणाचे खापर एमएसवर फुटते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या दिल्या तर आधीच धावपळ करावी लागणाऱ्या रुग्णाला रात्री वारंवार उठावे लागते आणि अंधारात पडण्याचा धोका वाढतो. गोळीची वेळ सकाळची केली तरी हा त्रास कमी होऊ शकतो.

पायांचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे क्षीण झाली असतील तर ते शरीरात साचून गुंगी येते. याउलट प्रवासाला जाताना गोळ्या घरी विसरल्या आणि औषध एकाएकी बंद झाले तर भ्रम वा फिटसुद्धा येऊ शकते. चालण्याचा वेग सुधारण्यासाठी दिले जाणारे फॅम्प्रिडीनही मूत्रपिंडे क्षीण असलेल्यांना वा पूर्वी फिट आलेल्यांना योग्य नसते. फिंगोलिमॉडच्या पहिल्या मात्रेनंतर हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून हृदयविकार असणाऱ्यांबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. मधुमेहींमध्ये या औषधामुळे डोळ्यांच्या पडद्याला सूज येण्याचा धोका अधिक असल्याने नेत्रतपासणी गरजेची ठरते.

यावर उपाय खर्चीक नाही. दर सहा महिन्यांनी सर्व औषधे, त्यांत आयुर्वेदिक चूर्णे आणि परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही आल्या, एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ठेवावीत. कोणते औषध कशासाठी, ते अजून लागते का, मूत्रपिंड व यकृताला ते झेपते का, हे प्रश्न विचारावेत. कुटुंबाचा डॉक्टर ही लोप पावत चाललेली संस्था या कामासाठी आजही सर्वांत योग्य आहे.

एमएसचे औषध थांबवावे का?

१९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा हे एमएसची वाटचाल बदलणारे पहिले औषध मंजूर झाले. आज अशी वीसच्या आसपास औषधे उपलब्ध आहेत. झटक्यांविना सुरुवातीपासूनच वाढत जाणाऱ्या प्रकारासाठीचे पहिले औषध, ऑक्रेलिझुमॅब, २०१७ मध्ये मंजूर झाले. भारतात तुलनेने स्वस्त असलेले रिटक्सिमॅबही वापरले जाते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठीच्या आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला.

मात्र यांतील बहुतेक औषधांच्या चाचण्या पंचावन्नपेक्षा कमी वयाच्या रुग्णांवर झाल्या. वय वाढते तसा त्यांचा लाभ घटतो, असे २०१७ मध्ये ३८ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले. दुसरीकडे जंतुसंसर्ग आणि इतर दुष्परिणामांचा धोका वयाबरोबर वाढतो. मग औषध थांबवावे का, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर शोधणारी एक चाचणी अमेरिकेत झाली आणि २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वय ५५ पूर्ण, पाच वर्षांत एकही झटका नाही आणि तीन वर्षांत एमआरआयवर नवा चट्टा नाही, असे २५९ रुग्ण तिच्यात होते. औषध चालू ठेवलेल्यांपैकी ४.७ टक्के, तर थांबवलेल्यांपैकी १२.२ टक्के रुग्णांमध्ये दोन वर्षांत आजाराची नवी हालचाल दिसली. त्यातही बहुतेकांत ती केवळ एमआरआयवरचा नवा चट्टा एवढीच होती. म्हणजे बहुसंख्य रुग्ण औषधाविना स्थिर राहिले, पण थांबवणे चालू ठेवण्याइतकेच निर्धोक आहे हे सिद्ध झाले नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की हा निर्णय रुग्णागणिक वेगळा असतो आणि तो परस्पर घ्यायचा नसतो. नॅटॅलिझुमॅब किंवा फिंगोलिमॉड अचानक थांबवल्यास आजार पूर्वीपेक्षा अधिक जोराने उलटू शकतो. थांबवायचे ठरलेच तर ते न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली आणि त्यानंतर ठरावीक काळाने एमआरआय करून थांबवणे योग्य.

औषधे चालू असतील तर संसर्गाची दक्षता महत्त्वाची ठरते. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सुरू करण्यापूर्वी कावीळ ‘ब’ आणि सुप्त क्षयरोगाची तपासणी आपल्याकडे तरी टाळू नये. इन्फ्लुएन्झा, न्युमोनिया आणि नागीण यांच्यावरील लसी शक्यतो ही औषधे सुरू होण्यापूर्वीच घ्याव्यात. नागिणीवरची निर्जीव स्वरूपाची लस २०२३ पासून भारतात मिळते. जिवंत जंतू असलेल्या लसी मात्र अशा औषधांच्या काळात टाळल्या जातात.

हाडे, तोल आणि मन

कमी हालचाल, उन्हाचा अभाव, पूर्वी वारंवार घेतलेली स्टिरॉइड आणि स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती, या चारही गोष्टी हाडे पोकळ करतात. त्यातच तोल जातो. परिणामी खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो आणि एकदा अंथरूण धरले की गमावलेली ताकद परत मिळवणे साठीनंतर अवघड असते. हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाचे योग्य प्रमाण आणि गरजेनुसार औषधे हा एक भाग झाला. न्हाणीघरात पकडायला दांडा, कोरडी व न घसरणारी फरशी, भारतीय पद्धतीच्या संडासाऐवजी कमोड, रात्रीचा मंद दिवा हा दुसरा, तितकाच महत्त्वाचा भाग. काठी वा वॉकर वापरण्यात अनेकांना कमीपणा वाटतो. वास्तविक ती स्वावलंबन टिकवणारी साधने आहेत.

‘विश्रांती घ्या’ हा एकेकाळचा सल्ला आता मागे पडला आहे. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली केलेला बेताचा नियमित व्यायाम तोल, थकवा, मनःस्थिती, साखर आणि रक्तदाब या सर्वांनाच उपकारक ठरतो. सकाळी लवकर वा पंख्याखाली, गरज भासल्यास मानेभोवती ओला टॉवेल ठेवून तो करता येतो.

नैराश्य हा एमएसच्या सोबतचा सर्वांत दुर्लक्षित आजार म्हणावा लागेल. जवळजवळ निम्म्या रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी त्याने ग्रासलेले असते. ‘एवढा आजार आहे म्हटल्यावर उदास वाटणारच’ असे म्हणून त्यावर पडदा टाकला जातो. समुपदेशन आणि औषधे यांनी ते बरे होऊ शकते, आणि ते बरे झाले की थकवा व वेदनाही सुसह्य होतात. विसराळूपणाबाबतही हेच तारतम्य हवे. एमएसमध्ये विचारांचा वेग मंदावतो, पण ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, रोजच्या व्यवहारातली माणसे न ओळखणे अशा तक्रारी असतील तर अल्झायमरसारख्या आजाराची वेगळी तपासणी करावी लागते. थायरॉइड, रक्तक्षय, अपुरी झोप आणि घोरण्यासह झोपेत श्वास अडकणे ही थकव्याची बरी होणारी कारणे तपासणेही तेवढेच गरजेचे. ऐकू कमी येणे, मोतीबिंदू, दातांची दुखणी, स्तनांच्या कर्करोगाची चाचणी या वयानुरूप तपासण्या व्हीलचेअरवरील रुग्णाबाबत हमखास राहून जातात. दवाखान्याची पायरी चढणे कठीण असते, हे त्याचे एक साधे कारण.

कुटुंब आणि कायदा

या सर्व व्यवस्थेचा भार बहुधा एकाच व्यक्तीवर असतो, आणि ती व्यक्तीही साठीपुढची असते. सत्तरीच्या पतीने पत्नीला उचलून खुर्चीत बसवायचे आणि स्वतःची पाठ दुखावून घ्यायची, हे चित्र शहरांत दुर्मीळ नाही. मुले परगावी वा परदेशी असतात. शुश्रूषा करणाऱ्याची विश्रांती आणि त्याच्या स्वतःच्या तपासण्या हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात समाविष्ट केलेल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट उल्लेख आहे. अपंगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित झाल्यास विविध सवलतींचा मार्ग खुला होतो. या तरतुदीची माहिती अनेक ज्येष्ठ रुग्णांना नसते, कारण त्यांचे निदान कायदा येण्यापूर्वीचे असते. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या मुंबई व पुणे येथेही शाखा असून रुग्ण व नातेवाइकांना तेथे मार्गदर्शन मिळू शकते.

एमएस समूळ बरा करणारे औषध आजही नाही. पण उतारवयातील रुग्णाला जमिनीवर आणणाऱ्या गोष्टी पुष्कळदा एमएसच्या नसतात. लघवीचा संसर्ग, मोडलेले हाड, अनावर साखर, नको असलेली गोळी, न ओळखलेले नैराश्य या त्या गोष्टी होत, आणि या प्रत्येकीवर उपाय आहे. त्यासाठी नवे लक्षण दिसताच ‘हे एमएसचेच असेल’ या उत्तराआधी ‘आणखी काय असू शकेल?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. डॉक्टरांनी तो विचारायचा आहेच. पण त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी तो घरात विचारला गेला, तर पुढच्या अनेक गोष्टी सोप्या होतात.